राखीव रानातले चार बदाम

चिकुवा-सान बागेत येत नव्हते, आणि तरीही बागेतले जीव रोज पकडत होते. हिसाएच्या मनात पाल चुकचुकली ती इथेच.

आता माणूस आहे, आजारी पडतो, लेकीकडे राहायला जातो, कधी नुसता कंटाळतोही. नाही आला बागेत म्हणून काही आकाश कोसळत नाही. पण मग त्याने घरी गप बसावं ना! राखीव रानात पाऊल टाकल्याशिवाय तिथला जीव हाती लागत नाही, आणि रान उघडलंय ते खंदकाकाठच्या बागेत. म्हणजे फोन बागेत आणि फोनचा धनी गायब? हे कसं काय बुवा?

हिसाएने बाकावर बसल्या बसल्या पुन्हा फोन उघडला. रानाच्या दारावर आज आत आलेल्यांची नावं झळकत होती. त्यात 'चिकुवा' होतं. शेजारच्या रिकाम्या जागेकडे तिने असं पाहिलं, जणू जागेचीच काही चूक असावी.

हा फोनवरचा खेळ जपानातल्या या मात्सुयामा गावात लहान पोरं फारशी खेळत नाहीत. खेळतात ते निवृत्त लोक. वर्षभर ते जीव गावात कुठेही उगवतात, ट्रामच्या थांब्यावर, पोस्टाच्या दारात, देवळाच्या पायऱ्यांवर, आणि म्हातारे फोन पुढे धरून त्यांच्यामागे हिंडतात. डॉक्टर खूश, सुना त्याहून खूश. पण पानं लाल व्हायला लागली की काही आठवडे बागेत राखीव रान उघडतं आणि तिथले कायदे निराळे. तिथे मारामारी नाही. आपले पोसून पोसून तगडे केलेले जीव दाराबाहेर ठेवायचे आणि रिकाम्या हाताने आत जायचं. दारावर मोजकी जाळी मिळतात, ती संपली की त्या दिवसापुरतं रान बंद. समोर जीव आला की करण्यासारख्या गोष्टी दोनच. खाऊ टाका, नाहीतर खडा मारा. खाऊ टाकला तर तो थांबतो, पण खाण्यात असा रमतो की जाळ्याला दाद देत नाही. खडा मारला तर बावचळून जाळ्यात येतो, पण बहुधा त्याआधीच धूम ठोकतो.

चिकुवा-सान कधी खडा मारायचे नाहीत. चार वर्षांत एकदासुद्धा नाही. खाऊ टाकायचे आणि वाट बघायचे. "अहो, मारा की एक खडा! संध्याकाळ होईल इथे," हिसाए करवादायची. "होऊ दे," ते म्हणायचे. "खातोय बिचारा. खाऊ दे."

आणि काल संध्याकाळी हिसाएच्या फोनवर पाटी आली होती. या खेळात मित्राने दुर्मीळ जीव पकडला की लगेच पाटी येते. 'चिकुवाने धुकमांजर पकडले. खडा मारून.'

खडा मारून! हिसाएच्या हातातला चहा सांडला.

धुकमांजर म्हणजे रानातलं सगळ्यात अवघड जनावर. हिसाएला स्वतःला अजून मिळालं नव्हतं. पण हेवा हा त्यातला लहान भाग होता, मोठा भाग निराळाच होता. तिने पस्तीस वर्षं धुलाईच्या दुकानात गल्ल्यामागे काढली होती. कोटावर डाग कशाचा आहे हे गिऱ्हाईक एक सांगतं आणि डाग दुसरंच सांगतो, हे रोज बघून बघून बाईचा स्वभावच असा झाला होता की कुणी "आज हवा छान आहे" म्हटलं तरी ती आधी आभाळाकडे बघायची. असल्या बाईने चार वर्षांत एका माणसावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता. तोच खोटा निघाला तर काय उरलं?

"मी सांगतो काय ते," बुचो-सान सायकल बाकाला टेकवत म्हणाले. बुचो म्हणजे खातेप्रमुख; 'सान' हे नुसतं मानाचं शेपूट. हे खरोखर कुठल्या खात्याचे प्रमुख होते का, ते कुणालाच माहीत नव्हतं. सायकलच्या दांडीवर त्यांनी चार फोन बसवले होते आणि चारही एकदम बोटाने टपटपत ते बोलत. "हा सरळ सरळ ठिकाण चोरण्याचा प्रकार आहे. फोनमध्ये काहीतरी घालायचं, की फोनला वाटतं आपण बागेत आहोत. माणूस घरी शेगडीच्या रजईत पाय घालून लोळतोय. आपण इथे थंडीत मरतोय."

"चिकुवा-सान तसे नाहीत," पुरिन म्हणाली. ही औषधाच्या दुकानात कामाला होती, जेवणाच्या सुटीत बागेत यायची. गटात सगळ्यात तरुण, म्हणजे चाळिशीची.

"तसे नाहीत, तसे नाहीत! तुला काय माहिती कसे आहेत? त्यांचं आडनाव सांग बरं."

बुचोंचं म्हणणं खोटं नव्हतं. या लोकांत तो रिवाजच होता. खेळातलं नाव तेच नाव. हिसाए म्हणजे 'उमेबोशी', खारवलेलं आंबट फळ. तोंडाला साजेसं नाव घेतलंत हो, असं बुचो पहिल्याच भेटीत म्हणाले होते. चिकुवा-सान म्हणजे माशाच्या लगद्याची भाजलेली नळी. ते नाव का घेतलं असं विचारल्यावर म्हणाले होते, "नाव टाकायच्या वेळी तीच खात होतो." बस्स. खरं नाव विचारायचं नाही, घर विचारायचं नाही, नवरा-बायको-नातवंडं विचारायची नाहीत. विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या घराचं दार न ठोठावता आत शिरणं. रोज सकाळी भेटायचं, "दमलात हो, या" म्हणायचं, जीव कुठे उगवलेत ते सांगायचं आणि आपापल्या वाटेने जायचं. सुटसुटीत. हिसाएला हे फार आवडायचं. आता मात्र त्याच सुटसुटीतपणाचा तिला राग येत होता, कारण माणूस नाहीसा झाला तर कुणाच्या दारात जाऊन विचारायचं?

"तक्रार करा," बुचो म्हणाले. "तुमचीच चालेल. तुमचे चार बदाम आहेत."

ते खरं होतं. या खेळात दोघांनी एकमेकांना रोज भेट पाठवली की मैत्रीचे बदाम भरत जातात, पत्त्यांतल्यासारखे लाल लाल. चार भरले की त्याच्यावर मैत्री नाही. आणि परक्याची तक्रार कंपनी वाचतही नाही, पण चार बदामवाल्याने तक्रार केली तर खातं गोठवते आणि चौकशी लावते. चिकुवा-सानशी चार बदाम असलेली गटात एकटी हिसाए.

"खातं गेलं तर सगळंच जाईल त्यांचं," पुरिन हळूच म्हणाली. "चार वर्षांचे जीव. एकेक पुसून टाकतात म्हणे."

"मग चोरी करताना विचार करायचा होता," बुचो म्हणाले.

हिसाए म्हणाली, "आधी मी बघते."

ती बघायला लागली म्हणजे कशी! दुसऱ्या दिवसापासून सकाळीच येऊन बसली. युक्ती सोपी होती. चिकुवाची पाटी आली की त्याच क्षणी मान वर करायची आणि बागेत कोण कोण फोनवर बोट फिरवतंय ते हेरायचं. पण रान उघडलं की बागेत जत्रा भरते. पाटी आली, मान वर केली, तर निम्मी बाग फोनवर बोटं फिरवत होती. टोपीवाले, काठीवाले, कुत्रेवाले. काळी छत्री घेतलेली एक बाई तर बिचारी गर्दीने कंटाळून हिसाएच्याच बाकावर येऊन टेकली. "बसू का?" म्हणाली. हिसाएने "बसा" म्हटलं आणि पिशवी जवळ ओढून तिच्या पलीकडे मान उंचावून बघत राहिली. बाई थोड्या वेळाने उठून गेली. चिकुवा-सान कुठेच नव्हते.

पण भेट मात्र रोज येत होती. रोज सकाळी, न चुकता, 'चिकुवाकडून भेट आली आहे.' हा काय छळ म्हणायचा? तोंड दाखवायचं नाही आणि भेटी धाडायच्या? हिसाएला वाटायचं, बागेत दुसऱ्या कुठल्या बाकावर, दुसऱ्या कुठल्या गटात जाऊन बसत असतील. आपल्याला चुकवत असतील. गेल्या वेळी आपण त्यांना 'कासव' म्हणालो, त्याचा राग आला असेल का? छे, हसले होते की ते! की ते हसणंही खोटं होतं? एकदा संशयाचा किडा आत शिरला की तो जुन्या हसण्यालाही भोकं पाडतो. तिला सगळंच आठवायला लागलं आणि सगळ्यालाच उलटी बाजू दिसायला लागली.

खेळात बोलता येत नाही, चित्रं तेवढी पाठवता येतात. तिने बराच विचार करून भेटीसोबत डोकं खाजवणारं अस्वल पाठवलं. त्याच्या डोक्यावर मोठं प्रश्नचिन्ह होतं. म्हणजे, कुठे आहात हो?

उत्तर दुपारी आलं. लाल तोंडाचा, दात विचकणारा राक्षस.

हिसाए कितीतरी वेळ त्या राक्षसाकडे बघत राहिली. मग तिच्या अंगाचा तिळपापड झाला. चार वर्षं! चार वर्षं थंडीवाऱ्यात या माणसाला आपल्या थर्मासमधला चहा पाजला, आणि हा मला दात दाखवतो? तिने तिथल्या तिथे तक्रारीचं पान उघडलं. 'हे खाते दुसरेच कोणी चालवत आहे किंवा ठिकाण खोटे आहे.' होय. 'आपली खात्री आहे का?' होय. 'पुन्हा एकदा विचार करा.' केला! तिने बटण दाबलं, ते इतक्या जोराने की बोट दुखलं.

बुचोंना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "शाब्बास." ते ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

तक्रारीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं आणि बाग जवळजवळ रिकामी होती. खंदकावर एक बगळा, दूरवर पानं झाडणारा माणूस, आणि हिसाएच्या बाकापासून थोड्याच अंतरावरच्या बाकावर ती काळ्या छत्रीवाली बाई. हिसाए फोन हातात धरून नुसती बसली होती. जीव पकडायचं मन होत नव्हतं. तेवढ्यात पाटी आली. 'चिकुवाने शेवाळबेडूक पकडला. खडा मारून.'

सवयीने तिने मान वर केली. पानं झाडणाऱ्याच्या हातात झाडू होता. बगळ्याच्या हातात काही असण्याचा प्रश्न नव्हता. आणि छत्रीवाल्या बाईचं बोट अजून फोनवरच होतं.

हिसाए उठली. जवळ जाताना तिला फोन दिसला. कोपऱ्याला तडा गेलेला, मागे निळ्या चिकटपट्टीने सांधलेला. ती पट्टी हिसाएनेच स्वतःच्या पिशवीतून काढून दिली होती, गेल्या उन्हाळ्यात.

"हा फोन तुमचा नाही," ती म्हणाली.

बाईने वर पाहिलं. साठी उलटलेली, नीटनेटकी, काळा कोट, काळे मोजे. चेहरा रात्र रात्र न झोपलेल्या माणसाचा.

"नाही," बाई म्हणाली. "तुम्हाला कसं कळलं?"

"मला कसं कळलं ते राहू द्या. तुम्हाला कुठे सापडला? सापडला की उचललात? ज्यांचा आहे त्यांना मी ओळखते. आत्ता चौकीवर चला माझ्याबरोबर."

"तुम्ही ओळखता त्यांना?" बाई ताडकन उठली. छत्री खाली पडली, ती तिने उचललीसुद्धा नाही. "मग तुम्ही तिलाही ओळखत असाल. मला फक्त एवढं सांगा, ती कोण आहे. उमेबोशी."

हिसाएने छत्री उचलून बाकाला टेकवली.

"ती औषधाच्या दुकानातली आहे ना?" बाई म्हणत होती. "दुपारी येते ती, गोरी, बारीकशी? मी तिच्या मागे दुकानापर्यंत जाऊन आले. दोनदा खोकल्याचं औषध घेऊन आले. पण विचारायचा धीर झाला नाही."

"ती पुरिन," हिसाए म्हणाली. "उमेबोशी मी आहे."

बाईने तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. गुडघ्याला पट्टा, बुटक्या बुटांत जाड मोजे, डोक्यावर विणलेली टोपी. मग हातातल्या फोनकडे पाहिलं. फोनवर उमेबोशीचं चित्र होतं. तांबड्या केसांची, तोकड्या झग्यातली, गुडघ्यापर्यंत बूट घातलेली पोरगी. खेळात सगळेच आपलं चित्र असं निवडतात. बुचोंचं तर सोनेरी केसांच्या राजपुत्राचं आहे.

"तुम्ही?" बाई म्हणाली. "तुमच्या तर शेजारी येऊन बसले होते मी. तुम्ही 'बसा' म्हणालात."

"तुम्ही कोण?"

"मी त्यांची बायको," बाई म्हणाली. "ते गेले."

कुठे गेले, असं हिसाए विचारणार होती. तोंड उघडलंही होतं. मग काळा कोट, काळे मोजे, काळी छत्री तिला एकदम एकत्र दिसली आणि ती बाकावर बसली.

रान उघडायच्या आधीच गेले होते. सकाळी फिरून आले, बूट काढायला खाली बसले आणि उठलेच नाहीत. डोक्यात रक्त साकळलं. अजून सुतक फिटायचा एकोणपन्नासावा दिवससुद्धा झालेला नव्हता. बाई हे सगळं सपाट आवाजात सांगत होती. बऱ्याच जणांना सांगून झालेलं असावं. हिसाए ऐकत होती आणि तिला एकच गोष्ट कळत होती, की आपण या माणसावर इतके दिवस रागावलो होतो तेव्हा तो नव्हताच.

"मला सांगायचे, डॉक्टरने चालायला सांगितलंय, साखर वाढलीय," बाई म्हणाली. "चार वर्षं रोज सकाळी. मी म्हटलं, चांगलंय. आणि ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, घरात धूप जळतोय, माणसं बसलीत, आणि त्यांचा फोन किणकिणतो. काय, तर उमेबोशीकडून भेट आली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोज! उघडून बघते तर ही बया, हा झगा, आणि नावापुढे चार लाल बदाम. माझ्या नवऱ्याच्या फोनमध्ये दुसऱ्या बाईचे बदाम! मला तर लग्नाच्या वाढदिवसाला साधं फूल आणलं नाही कधी."

"अहो, तो खेळ आहे," हिसाए म्हणाली.

"ते मला नंतर कळलं. आधी वाटलं असल्या बाया असतात ना, दारूच्या बैठकीतल्या, त्यांची नावं अशीच असतात. मग म्हटलं शोधून काढायचीच सटवीला. ते खेळायचे तसं खेळायचं, रोज भेट पाठवायची, म्हणजे तिला वाटेल ते आहेत, आणि येईल कधीतरी समोर. ते मांजरबिंजर मी कशाला पकडतेय? मध्ये मध्ये येतात म्हणून पकडते. खडा मारायचा की खाऊ द्यायचा विचारतात. मी खाऊ कशाला देऊ? माझ्या अंगात आग लागलीय आणि मी खाऊ देऊ?" तिने श्वास घेतला. "मग तुमचं ते अस्वल आलं. प्रश्नचिन्हवालं. म्हटलं, वाट बघतेय! मी इथे त्यांच्या फोटोपुढे भात ठेवतेय आणि ही वाट बघतेय. दिला मग राक्षस."

हिसाएला त्याही स्थितीत हसू आलं आणि आल्या आल्या त्याची लाज वाटली.

"आता खरं सांगा," बाई म्हणाली. आवाज खाली आला होता. "मी भांडणार नाही. मेलेल्या माणसावरून काय भांडायचं. चार वर्षं रोज सकाळी तुम्ही दोघं काय बोलत होतात?"

"जीव कुठे उगवलेत ते."

"आणि?"

"पाऊस येईल का. चहा गरम आहे का. बुचोंचे फोन किती झाले."

"आणखी काही नाही?"

"नाही."

"मी एवढी वेडी दिसते का तुम्हाला?"

दिसत नव्हती. हिसाएने तिच्या जागी स्वतःला ठेवून बघितलं, तर तिचाही विश्वास बसला नसता. तिने पुष्कळ आठवून पाहिलं, काही तरी सांगण्यासारखं सापडतंय का म्हणून. काही नव्हतं. आणि त्या आठवण्याच्या भरात तिच्या मनात जे आलं ते तिने सरळ विचारलं.

"त्यांचं नाव काय होतं हो?"

बाई तिच्याकडे बघतच राहिली.

"म्हणजे... तुम्हाला ठाऊक नाही?"

"आम्ही विचारत नाही. चिकुवा-सान म्हणायचो." हिसाएने हात जोडले. "देवघरापुढे उदबत्ती लावायची म्हटली तरी कुणाच्या नावाने लावू?"

बाईच्या चेहऱ्यावरची सगळी गाठ सुटली. ती बाकावर बसली, तोंडावर हात धरला, आणि हसली की रडली ते सांगता येणार नाही, खांदे मात्र हलत होते. "तामोत्सु," ती म्हणाली. "ओचि तामोत्सु. मी सानाए. अहो, एवढे दिवस मी... आणि तुम्हाला नावसुद्धा... चिकुवा! त्यांना आवडायची हो चिकुवा. उभ्या उभ्या खायचे, फ्रिजपुढे."

"तामोत्सु-सान," हिसाएने म्हणून पाहिलं. ते नाव तिला परक्याचं वाटलं.

मग दोघींनी थर्मासमधला चहा घेतला. सानाएने चिकुवा-सानांच्या खेळण्याबद्दल विचारलं आणि हिसाएने सांगितलं, ते खडा कधी मारत नसत, खाऊ टाकून बसत. "घरीही तसेच," सानाए म्हणाली. "एका गोष्टीला तासभर." पहिल्यांदाच तिच्या बोलण्यात राग नव्हता. "दाखवा ना मला. खाऊ कसा टाकायचा ते. ते असतेपर्यंत कधी विचारलं नाही, आता निदान त्यांचे ते सगळे प्राणी तरी सांभाळीन. घरात दुसरं त्यांच्या हातचं असं काही राहिलेलं नाही. कपडे लेकीने बांधून नेले."

हिसाएने थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं. तोवर तिला ती तक्रार आठवलीच नव्हती, असं म्हणायला ती मोकळी होती, पण खरं नव्हतं. आठवली होती. नाव ऐकल्यापासून आठवत होती. चौकशीला वेळ लागेल, तोवर आपण मागे घेऊ, घरी जाऊन आजच मागे घेऊ, हे तिचं मनात चाललं होतं.

"हे बघा, इथे बोट ठेवा," ती म्हणाली.

सानाएने बोट ठेवलं. धुक्यातून काहीतरी करडं, गुबगुबीत बाहेर येत होतं. ते अर्ध्यातच थांबलं. पडदा राखाडी झाला आणि त्यावर अक्षरं उमटली.

'खाते तात्पुरते गोठवले आहे. हे खाते खातेदार स्वतः चालवत असल्याची खात्री त्याने स्वतःचा चेहरा दाखवून करावी. दिलेल्या मुदतीत तसे न केल्यास खाते व त्यातील सर्व जीव कायमचे पुसले जातील.'

सानाएने ते वाचलं. पुन्हा वाचलं. "मी काहीतरी चुकीचं दाबलं का हो?" ती घाबरून म्हणाली. "मला यातलं कळत नाही. मी सारखे खडे मारले म्हणून झालं का?"

होतं असं कधीकधी, एवढंच म्हणायचं होतं. बाईने मानलं असतं. घरी जाऊन स्वतःच्या बोटांना दोष देत बसली असती, आणि चिकुवा-सानांची उमेबोशी चांगलीच राहिली असती. हिसाएच्या ते अगदी जिभेवर आलं होतं.

"तुम्ही काही केलं नाहीत," ती म्हणाली. "मी केलं. परवा मी तक्रार केली त्यांच्यावर."

फोन सानाएच्या मांडीवर तसाच राखाडी पडला होता. "चेहरा," ती म्हणाली. "चेहरा मी कुठून आणू आता?"

"आपण कंपनीला लिहू. मी सांगेन माझी चूक झाली."

"ऐकतील?"

हिसाए खोटं बोलू शकली नाही. "दुसऱ्याचं खातं चालवायला परवानगीच नाही," ती म्हणाली. "मेलेल्याचंसुद्धा. नाही ऐकणार बहुतेक."

"का केलीत तक्रार? ते फसवतात असं वाटलं म्हणून?"

"हो," हिसाए म्हणाली. मग म्हणाली, "नाही. फसवणारे इथे ढीगभर आहेत. बुचोंच्या चार फोनांतले दोन त्यांच्या मेव्हण्याच्या नावावर आहेत, सगळ्यांना माहितीय. मी कधी कुणाचं नाव घेतलं नाही." तिने टोपी कानांवर ओढली. "ते येत नव्हते. मला काही न कळवता यायचं बंद केलं. मला वाटलं दुसरीकडे कुठेतरी बसून खेळतायत, दुसऱ्या कुणाबरोबर, आणि मला भेटी पाठवतायत. मला राग आला. फार राग आला हो."

सानाएने मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. मघा पाहिलं होतं तसं नाही. टोपी, मोजे, गुडघ्याचा पट्टा यांच्यावरून नजर न फिरवता थेट डोळ्यांत.

"म्हणजे माझं अगदीच चुकलं नव्हतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, दमणूक होती. "परक्या माणसाचा असा राग येत नाही, उमेबोशी-सान. असा घरच्या माणसाचा येतो."

हिसाए नाही म्हणायला गेली. तिला नाही म्हणता आलं नाही, आणि आपल्याला नाही म्हणता येत नाही हे तिला त्या घटकेपर्यंत माहीत नव्हतं. ती रडायला लागली, लहान पोरासारखं नाक ओढत, त्या बाईच्या देखत. आणि जिचा रडण्याचा हक्क होता तिनेच पिशवी उघडून, चाचपून, आपला रुमाल काढून तिच्या हातात दिला.